शुक्र कुणी अदा करायचा?

‘कसे आहात?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या मोहल्ल्यात ठरलेले असते. ‘अल्लाहचा शुक्र आहे.’ घरात लग्न असो की आजारपण, हातात नुकताच पगार आलेला असो की वाण्याकडची उधारी वाढलेली असो, उत्तर बदलत नाही. बाहेरच्या माणसाला ही निव्वळ रीत वाटेल, आणि पुष्कळदा ती रीतच असते. जीभ आपले काम करते, मन दुसराच हिशेब मांडत बसते. तरीही या सवयीला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्या समाजाने हालहवालाच्या प्रश्नाला पहिले उत्तर कृतज्ञतेचे ठरवून ठेवले, त्या समाजातील जुन्या माणसांना मनाची चांगली पारख होती, असेच म्हणावे लागेल.

आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ज्या दिवसांत हा शब्द सर्वांत जास्त उपयोगी पडायला हवा, त्याच दिवसांत तो आपल्याला सोडून का जातो? हे दिवस म्हणजे रमजानचा शेवटचा अशरा, चांदरात आणि ईद.

या दहा-बारा दिवसांत काय काय असते ते वाचकांना सांगायला नको. पहाटे उठून सहरी, दिवसभर रोजा, संध्याकाळी इफ्तारची तयारी, रात्री तरावीह, त्यात ताक रातींचे जागरण. जकातीचा हिशेब, फितऱ्याचा हिशेब. घराची साफसफाई, पडदे, चादरी. शिंप्याकडे चौथी-पाचवी खेप. मुलांच्या चपला, मुलींच्या बांगड्या, मेंदी. खारका भिजत घालून त्यांच्या बिया काढायच्या आणि लांबट चिरायच्या, बदाम-पिस्ते गरम पाण्यातून काढून सोलायचे, चारोळी निवडायची, शेवया तुपावर परतायच्या. २०२५ साली तर ईद ३१ मार्चला आली, आर्थिक वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी. म्हणजे दुकानदाराच्या डोक्यावर खातेवही, नोकरदाराच्या डोक्यावर कार्यालय आणि आम्हा शिक्षकांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

या सगळ्याचा परिणाम काय होतो? असरची नमाज झाली की घराघरांतून आवाज चढू लागतात. कुणी चिडचिड करू लागला की ‘त्याला रोजा लागलाय’ असे आपण हसत म्हणतो आणि सोडून देतो. पण त्या हसण्यात एक कबुली दडलेली असते. जो उपवास माणसाला नरम करण्यासाठी सांगितला, तो त्याला कडक करून जातो. चांदरातीला बाजार दिव्यांनी झगमगत असतो आणि घरात कुणाचे कुणाशी धड बोलणे नसते. ईदच्या नमाजीनंतर आपण सगळ्या जगाला गळामिठी मारतो. फक्त आदल्या रात्री जिच्यावर ओरडलो ती तेवढी स्वयंपाकघरातच राहते.

सूरह बकराच्या ज्या आयतीत रमजान महिन्याचे रोजे सांगितले आहेत (२:१८५), ती आयत कुठे जाऊन थांबते ते पाहण्यासारखे आहे. या महिन्यात कुरआन अवतरले हे आधी येते. मग रोजाचा आदेश. मग आजारी आणि प्रवासी माणसाला सवलत. मग हे की अल्लाहला तुमच्यासाठी सोय हवी आहे, अडचण नको. मग दिवसांची गणती पूर्ण करणे, अल्लाहची थोरवी गाणे, आणि अगदी शेवटी, तुम्ही शुक्रगुजार व्हावे. दोनच आयती आधी रोजाचा हेतू तकवा असल्याचे सांगितले आहे. इथे महिन्याची अखेर शुक्रावर आणून सोडली आहे. म्हणजे शुक्र ही रमजानची शोभा नव्हे, ते त्याचे मुक्कामाचे ठिकाण आहे. तीस दिवस चालून आपण तिथे पोचलो नाही, तर प्रवास कशाचा झाला, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

आता ‘शुक्र’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहू. अरबी कोशकार या धातूचा अर्थ सांगताना जनावराचे उदाहरण देतात. थोड्या चाऱ्यावर जे जनावर धष्टपुष्ट होते, त्याला अरब लोक ‘शकूर’ म्हणत. पोटात गेले ते अंगावर दिसले, असा त्याचा भाव. आपण मराठीत म्हणतो, खाल्लेले अंगी लागले. शुक्र म्हणजे मिळालेली नेमत अंगी लागणे. याच्या उलट शब्द ‘कुफ्र’, आणि त्याचा मूळ अर्थ झाकणे. बी मातीखाली झाकतो म्हणून शेतकऱ्यालाही अरबीत याच धातूचा शब्द वापरला गेला आहे. मिळालेले झाकून ठेवणे, ते कुणाकडून आले हे दिसू न देणे, ही नाशुक्री. मराठीतील दोन शब्द याच जागी येऊन मिळतात. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. कृतघ्न म्हणजे केलेले मारून टाकणारा. दोन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात. कृतज्ञतेची सुरुवात भावनेने होत नाही, जाणण्याने होते.

इमाम गजाली यांनी (मृत्यू ११११) ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात सब्र आणि शुक्र यांवर मिळून एकच प्रकरण लिहिले आहे. शुक्राचे ते तीन भाग करतात. इल्म, हाल आणि अमल. नेमत कुणाकडून आली हे जाणणे, त्या जाणिवेने मनात येणारा आनंद, आणि त्या आनंदातून होणारी कृती. अन्नाविषयी बोलताना ते घासामागे असलेल्या माणसांकडे वळतात. शेत पिकवणारा, दळणारा, भाजणारा, आणि त्यांना अवजारे करून देणारे लोहार-सुतार. देणारा अल्लाह, हे खरेच. पण तो देतो ते हातांतून देतो, आणि ते हात जाणल्याशिवाय देणाऱ्याची ओळख पुरी होत नाही. हदीसमध्येही आहे की जो माणसांचा आभारी नाही, तो अल्लाहचाही आभारी नाही.

तीन भागांपैकी आपण बहुतेक वेळा मधला तेवढा धरून ठेवतो. शांत वाटले, बरे वाटले, झाला शुक्र. अलीकडे कृतज्ञतेची जी पुस्तके आणि वह्या बाजारात आल्या आहेत, त्यांचाही भर यावरच असतो. त्यांत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांच्या एका गटाला दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या. दुसऱ्या गटाने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य एकंदरीत अधिक समाधानाचे वाटले आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी आढळल्या. म्हणजे नेमती मोजण्याने मन ठिकाणावर येते, हे आपल्या आजी-नानी तसबीहच्या मण्यांवर करत आल्या ते काही उगाच नव्हते.

पण या वहीत एक उणीव राहू शकते. ‘आज इफ्तार छान झाले’, असे आपण लिहिले. व्याकरणाच्या तासाला आम्ही मुलांना विचारतो, या वाक्यात करणारा कोण? इथे करणाराच नाही. शिरखुर्मा झाला, कपडे शिवून आले, घर लखलखीत दिसू लागले. सगळी वाक्ये बरोबर आहेत आणि सगळ्यांतून माणूस गाळलेला आहे. ज्या कृतज्ञतेत करणारा गाळलेला असतो, ती मन शांत करते, पण ते एकट्याचेच. आणि एकट्याची शांतता पुष्कळदा दुसऱ्याच्या थकव्यावर उभी असते.

इथे आम्हाला हजरत फातेमा (रजि.) यांचा तो प्रसंग आठवतो, ज्यावरून ‘तसबीह-ए-फातेमा’ हे नाव रूढ झाले. जात्यावर दळून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. घरकामाला मदतनीस मिळावा म्हणून त्या पित्याकडे, म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या. ते घरी भेटले नाहीत. रात्री प्रेषित स्वतः त्यांच्या घरी आले आणि म्हणाले की तुम्ही मागितले त्याहून चांगले काही सांगतो. झोपताना ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणा. हे सेवकापेक्षा उत्तम आहे.

हा प्रसंग आपल्याकडे पुष्कळदा बायकांच्या मजलिसीत, बायकांनाच सांगितला जातो, आणि त्याचा अर्थ असा काढला जातो की थकलीस तरी तक्रार करू नकोस, तसबीह पढ. हा अर्थ घेणाऱ्यांनी हदीसचे शब्द नीट पाहिलेले नसतात. अरबीत एक, दोन आणि अनेक अशी तीन वचने आहेत. एकट्या स्त्रीला सांगायचे तर क्रियापदाचे रूप वेगळे, दोघांना सांगायचे तर वेगळे. ‘तुम्ही झोपायला जाल तेव्हा’ हे शब्द या हदीसमध्ये द्विवचनात आहेत. प्रेषित (स.) त्या रात्री हजरत अली आणि हजरत फातेमा, दोघांच्या मध्ये येऊन बसले आणि तसबीह दोघांना सांगितली. एका कथनात तर पाणी ओढून ओढून हजरत अलींची छाती दुखू लागल्याचाही उल्लेख आहे, आणि सुफ्फामध्ये राहणारे गरीब सोबती उपाशी असताना तुम्हाला कसे देऊ, असे प्रेषितांनी म्हटल्याचेही आहे. म्हणजे दोघे राबत होते, दोघे थकले होते, आणि त्यांच्याहून अधिक गरजू माणसे शेजारी होती. अशा घरात, अशा वेळी, दोघांना मिळून तसबीह सांगितली गेली.

शिवाय ती सांगणारे कोण होते? हजरत आयेशा (रजि.) यांना कुणी विचारले की प्रेषित घरात काय करत असत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजीची वेळ झाली की निघत. जो स्वतः घरात राबतो त्याने सांगितलेला शुक्र वेगळा, आणि इफ्तारच्या दस्तरखानावर सगळे मांडून झाल्यावर हात धुऊन येऊन बसणाऱ्याने सांगितलेला शुक्र वेगळा. शब्द तेच असतील. वजन तेच नसते.

यातून आम्हाला जे उमगते ते थोडक्यात असे. शुक्र ही ज्याने त्याने आपल्या खात्यावर मांडायची रक्कम आहे, दुसऱ्याच्या खात्यावर नव्हे. मी स्वतःला ‘शुक्र कर’ म्हणतो तेव्हा ती इबादत असते. माझ्यासाठी राबून दमलेल्या माणसाला मी ‘शुक्र कर’ म्हणतो, तेव्हा बहुधा ती माझी सोय असते.

यावर एखादा जाणकार वाचक म्हणेल, सूरह अस्रमध्ये तर सब्राची ताकीद करायला सांगितले आहे. मग दुसऱ्याला सांगायचेच नाही का? हरकत रास्त आहे. पण त्या छोट्या सूरहतील क्रम पाहा. आधी ईमान, मग नेक कृती, मग एकमेकांना हक्काची ताकीद, आणि सर्वांत शेवटी एकमेकांना सब्राची ताकीद. ‘हक्क’ या शब्दात सत्यही आले आणि ज्याचे त्याला देणेही आले. ज्याने आधीच्या पायऱ्या सोडून एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारली, त्याच्या उपदेशात जोर कुठून येणार? आणि ताकीद ‘एकमेकांना’ आहे. आज तू मला सांग, उद्या मी तुला सांगेन. एकाच बाजूने वर्षानुवर्षे सांगितले जात असेल, तर ती ताकीद नव्हे, तो हुकूम झाला.

हीच कसोटी घराबाहेर लावून पाहू. शेवटच्या अशऱ्यात शिंप्याच्या दुकानातला दिवा पहाटेपर्यंत जळत असतो. कपडे वेळेत मिळाले नाहीत की आपण त्याला चार शब्द ऐकवतो. मिळाले की पिशवी उचलतो आणि ‘पैसे ईदनंतर देतो’ म्हणून निघतो. नवा कुर्ता घालून आपण ईदगाहवर अल्लाहचा शुक्र अदा करतो, आणि तो कुर्ता शिवणारा घरी बसून कुणाकुणाकडे किती बाकी आहे ते वहीत पाहत असतो. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवर काम करणारा मजूर असो, मोहल्ल्यात सहरीला उठवत फिरणारा असो की घरी भांडी घासायला येणारी बाई असो, त्यांच्या हातात ईदच्या आधी पैसे पडले तर त्यांची ईद होते. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपल्याला पाठ असते. चांदरातीला ती आठवली पाहिजे. कामगाराने हक्काचे मागितले आणि मालकाने ‘काम मिळतेय याचा शुक्र कर’ म्हटले, तर तिथे अल्लाहचे नाव घेऊन माणसाचे देणे झाकले गेले. झाकण्याला अरबीत काय म्हणतात ते वर आलेच आहे.

सूरह दहरमध्ये (७६:८-९) नेक माणसांचे वर्णन येते. ते गरिबाला, अनाथाला, कैद्याला जेवू घालतात आणि सांगतात की हे आम्ही अल्लाहसाठी करतो; तुमच्याकडून मोबदला नको आणि शुक्रही नको. म्हणजे देणाऱ्याने आभाराची वाट पाहायची नाही, आणि हदीसप्रमाणे घेणाऱ्याने आभार मानल्याशिवाय राहायचे नाही. दोन्ही नियम एकमेकांना पूर्ण करतात. आपल्या घरांत मात्र ते उलटे होतात. पैसे आणणारा आभाराची अपेक्षा धरून बसतो, आणि जिच्या हातचे खातो तिचे आभार मानायचे असतात हे त्याच्या गावीही नसते.

कृतज्ञतेचा आणखी एक नेहमीचा उपाय सांगितला जातो. आपल्याहून वर असलेल्याकडे पाहू नका, आपल्याहून कमी असलेल्याकडे पाहा, म्हणजे अल्लाहच्या नेमतीची किंमत राहील. ही हदीस आहे, आणि ईदच्या बाजारात तिचा उपयोग फार मोठा आहे. शेजाऱ्याच्या घरी नवा सोफा आला म्हणून आपल्या घरचा जुना वाटू लागतो, तेव्हा ही एक गोष्ट माणसाला सावरू शकते. पण खाली पाहण्यातही एक धोका आहे. ‘त्याच्यापेक्षा आपले बरे आहे’ या विचाराने मिळणारे समाधान दुसऱ्याच्या गरिबीवर फुकट मिळवलेले असते. गरिबाने काय आपल्याला बरे वाटावे म्हणून गरीब राहायचे?

रोजाची रचनाच या धोक्यावर उत्तर आहे, असे आम्हाला वाटते. रोजा आपल्याला भुकेल्याकडे नुसते पाहायला सांगत नाही, भुकेच्या जागी बसवतो. तहान म्हणजे काय ते घशाला कळते. आणि महिना संपताना लगेच फितरा समोर ठेवला आहे. घरातील प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या मुलामागेही, ठरलेले माप; हनफी घरांत बहुधा गव्हाच्या हिशेबाने, कोकणातील शाफई घरांत तांदळाच्या. तो ईदच्या नमाजीआधी पोचला पाहिजे, म्हणजे त्या दिवशी कुणाला हात पसरावा लागू नये. पाहिले, जाणले, आणि दिले. इल्म, हाल, अमल. खाली पाहायचे ते आपण किती वर आहोत हे मोजायला नव्हे, आपल्याकडे कुणाचे देणे निघते ते मोजायला.

मग रोजच्या धावपळीत काय करावे? आम्ही काही फार मोठे सांगणार नाही. मोठ्या गोष्टी शेवटच्या अशऱ्यात निभत नाहीत. तीन लहान गोष्टी आहेत, आणि त्यांना वेगळा वेळही लागत नाही.

पहिली सहरीची. घरात सर्वांत आधी कुणीतरी एक उठलेले असते. बाकीचे शेवटच्या दहा मिनिटांत डोळे चोळत येतात. सहरी झाल्यावर आपले ताट आपण धुवावे आणि ज्याने सहरी केली त्याला, नाव घेऊन, ‘जजाकल्लाह’ म्हणावे; ती करणारी बाई असेल तर ‘जजाकिल्लाह’. घरच्या माणसाला हा शब्द म्हणताना प्रथम अवघडल्यासारखे होते. परक्याला आपण सहज म्हणतो, आपल्या माणसाला म्हणायची लाज वाटते. ती लाज दोन-तीन दिवसांत जाते.

दुसरी इफ्तारची. मगरिबच्या अजानीआधी दोन-चार मिनिटे सगळे दस्तरखानावर गप्प बसलेले असतात. ही दुआ कबूल होण्याची वेळ. तेवढ्यात प्रत्येकाने मनात एक हात आठवावा, ज्याच्यामुळे समोरचे अन्न समोर आले. आमच्या उर्दू शाळेत रमजानात मुलांना आम्ही हा अभ्यास वहीत लिहायला देतो. पहिल्या दिवशी सगळ्यांची उत्तरे सारखी येतात. अल्लाह, अम्मी, अब्बा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून वह्या बोलू लागतात. भजीवाला, दूधवाला, कलिंगड उचलून देणारा हमाल. एका मुलीने लिहिले, गॅसचे सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवून आणणारा. त्याचाही रोजा होता, आणि आम्ही त्याला थांबायलाही सांगितले नाही. शेवटचे अर्धे वाक्य तिला कुणी शिकवले नव्हते. करणारा दिसू लागला की पुढचे मूल आपोआप पाहते.

तिसरी रात्रीची. तीच तसबीह. ३३, ३३, ३४. शक्य असेल त्या घरात नवरा-बायकोने दोघांनी. आणि ती झाल्यावर एकच प्रश्न स्वतःला विचारावा, उद्याच्या कामांपैकी दुसऱ्याच्या वाट्याचे कोणते काम मी उचलू शकतो? खारका चिरायला फार मोठी कला लागत नाही. चारोळी निवडणे दहा वर्षांच्या मुलालाही जमते. पडदे काढणे, पाणी भरणे, शिंप्याचे पैसे आजच देऊन येणे. प्रेषित (स.) रात्री उभे राहून नमाज पढत आणि त्यांचे पाय सुजत. हजरत आयेशा (रजि.) यांनी कारण विचारले, तेव्हा मी शुक्रगुजार बंदा होऊ नये का, असे त्यांनी उत्तर दिले. शुक्र तिथे पायांवर दिसत होता. आपल्या घरात तो निदान हातांवर दिसावा.

यातून शांती मिळते का? मिळते, पण मागच्या दाराने. शांत व्हायचे म्हणून बसलो तर मन आणखी भिरभिरते. ‘माझ्यावरच सगळे पडले आहे’ या एका वाक्यातून ईदच्या घरातला बराचसा राग उगवतो. हे वाक्य घरातील प्रत्येकाच्या मनात एकाच वेळी चाललेले असते, म्हणून भांडण पेटते. दुसऱ्यांचे हात मोजायला बसले की हे वाक्य खोटे पडते. आणि ज्या घरात ते खरेच असेल, एकाच माणसावर सगळे पडले असेल, त्या घरात मोजणाऱ्याला तेही दिसते. मग उठून काम वाटून घेणे हाच तिथला शुक्र. काम वाटले गेले की आवाज आपोआप उतरतात.

एक गोष्ट राहिली. प्रत्येक वर्षी मोहल्ल्यात काही घरे अशी असतात, जिथे ईद येते पण उजाडत नाही. कुणाचा तरुण मुलगा गेलेला असतो, कुणाचे काम सुटलेले असते, कुणाचा नवरा आखातात असतो आणि तीन महिन्यांपासून पैसे आलेले नसतात. अशा घरी जाऊन ‘अल्लाहचा शुक्र करा, याहून वाईट झाले असते’ असे सांगणारी माणसे आपण पाहतो. त्यांचा हेतू चांगला असेलही. पण मूतहच्या लढाईत (६२९) हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची बातमी आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) काय केले? जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर मोठे दुःख आले आहे, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले. दुःखी घराकडे आधी जेवण पाठवले गेले.

तेव्हा ईदच्या सकाळी पहिली वाटी शिरखुर्म्याची अशा घरी जावी. बोलायचे काही नसले तरी चालेल. त्या घरातील माणसे शुक्र कधी आणि कसा अदा करतील, ते त्यांच्या आणि अल्लाहच्या मधले आहे. आपला शुक्र आपण त्या वाटीत नेऊन ठेवलेला असतो.